गणवीर काका आणि डेन्झिलची गिटार

गणवीर काकांकडे दुरुस्तीला दिलेली वस्तू घरी परत यायची, तेव्हा तिच्यासोबत कागदाची एक पुडी यायची. पुडीत त्या वस्तूतून काढलेला खराब भाग असायचा. जळालेली वायर, फुगलेला कंडेन्सर, झिजलेला स्क्रू. माझ्या मिक्सरसोबत पहिल्यांदा अशी पुडी आली तेव्हा मी लग्न होऊन नागपूरहून जबलपूरला नुकतीच आले होते. मला वाटलं, चुकून आली असेल. परत द्यायला गेले तर काका म्हणाले, "ठेव ना बेटा. तुहीच वस्तू हाये. मी खरंच बदललं का नाई, ते तुले कसं समजंल?"

जबलपूरच्या महाराजपूर भागात आमची आणि त्यांची भिंत एक होती. काका फॅक्टरीतून रिटायर झालेले. बुटके, सडपातळ, शर्ट कायम इस्त्रीचा. खिशाला लोक पेन लावतात तसा त्यांच्या खिशाला छोटा स्क्रूड्रायव्हर. कुठलीही वस्तू उघडायच्या आधी ते ती चालू करून तिला कान लावत आणि पाच मिनिटं नुसते ऐकत बसत. त्या वेळात कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. शांताकाकू म्हणायच्या, "माह्या बोलण्याले कधी असा कान नाई लावला यानं." काका त्यावर हसायचे, पण कान काढायचे नाहीत.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या कॉलनीला पाठ होता. कोणी काही बातमी आणली, अमक्याचा मुलगा पळून गेला, तमक्याला प्रमोशन मिळालं, की काका विचारायचे, "पाह्यलं का ऐकलं?" बहुतेकांनी ऐकलेलंच असायचं. मग काका पुन्हा कामाला लागायचे.

या प्रश्नापायी त्यांनी एकदा अख्ख्या बुद्धविहाराची नाराजी ओढवून घेतली. विहारात एक जुनी लाकडी खुर्ची होती. एक फार मोठे पुढारी जबलपूरला आले असताना तिच्यावर बसले होते, असं सांगत. जयंतीच्या आधी मंडळाच्या पोरांनी ठरवलं की खुर्चीला काचेची पेटी करायची, हार घालायचा. काकांनी खुर्ची उलटी केली आणि खालचे स्क्रू पाहिले. स्क्रूच्या डोक्यावर चौफुलीची खाच होती. ते म्हणाले, "ते साहेब गेले तवा असे स्क्रू आपल्याकडं मिळत नव्हते. सपाट खाचेचे मिळत." पोरं चिडली. एक म्हणाला, "काका, लोगों की श्रद्धा है." काकांनी खुर्ची सरळ केली, तिचा डुगडुगणारा पाय पक्का करून दिला आणि म्हणाले, "खुर्ची चांगली हाये. पेटीत नका घालू. कोण्या म्हाताऱ्याले बसवा." त्या जयंतीला पहिल्या रांगेत त्या खुर्चीवर पाय सुजलेली एक आजी तासभर आरामात बसली होती. काकांशी मात्र मंडळ दोन महिने बोललं नाही. लाउडस्पीकर बिघडला तेव्हा बोललं.

असा हा माणूस स्वतः एक गोष्ट सांगायचा, आणि तीच कोणी खरी मानायचं नाही.

डेन्झिल हे नाव आता नव्या पोरांना माहीत नसेल. जबलपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला मुलगा मुंबईला गेला, सिनेमाच्या गाण्यांत इलेक्ट्रिक गिटार वाजवू लागला, आणि मग त्याच्या नावाने तिकिटं खपू लागली. आपल्या गावचा म्हणून जबलपूरला त्याचा फार अभिमान. काका बावीस वर्षांचे होते, फॅक्टरीत नवे लागले होते आणि सुट्टीच्या दिवशी सदर बाजारातल्या एका रेडिओ दुकानात काम शिकायला जात. नाताळच्या सुमारास डेन्झिल तिथल्या एका क्लबात वाजवायला आला आणि प्रोग्रामच्या दिवशीच त्याची गिटार मुकी झाली. तो ती घेऊन दुकानात आला. मालक परगावी गेला होता. दुकानात एकटे काका.

इलेक्ट्रिक गिटारीत तारांच्या खाली एक भाग असतो, त्याला पिकअप म्हणतात. लोहचुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे, म्हणजे वाइंडिंग, दिलेले असतात. त्यातली तार तुटली होती. तितकी बारीक तार बाजारात मिळायची नाही. काकांनी भंगारात आलेले मिलिटरीचे जुने हेडफोन फोडले, त्यातली तार उलगडून काढली, हाताने फिरवायच्या ड्रिल मशीनला पिकअप बांधलं आणि सकाळपासून फेरे द्यायला बसले. शंभर फेरे झाले की चिंचोका एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. सत्तर चिंचोके झाले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तारेचं टोक त्यांनी लाल दोऱ्याने बांधलं आणि त्यावर बांगड्यांची लाख वितळवून तिचा ठिपका लावला. डेन्झिलने गिटार जोडून छेडली, थांबला, पुन्हा छेडली, आणि म्हणाला की आवाज पहिल्यापेक्षा गोड झाला.

संध्याकाळी क्लबाच्या दारावर काकांना आत सोडलं नाही. त्यांनी कंपाउंडच्या भिंतीला टेकून प्रोग्राम ऐकला.

"वाईट नाही वाटलं?" मी एकदा विचारलं.

"वाटलं ना. पण आवाज भिंतीच्या बाहेर येऊन राहिला होता. मी केलेला आवाज."

या गोष्टीला पुरावा काही नव्हता. फोटो नाही, चिठ्ठी नाही, दुकान केव्हाच बंद झालेलं. फॅक्टरीतले लोक म्हणायचे, हो हो, डेन्झिल तुझ्याचकडे आला असेल. घरातही, पाहुण्यांसमोर काकांनी गोष्ट काढली की काकू हळूच म्हणायच्या, "आम्ही पाह्यलं नाई बापा, ऐकलं." सगळे हसायचे. काकाही हसायचे. "बरोबर हाये," म्हणायचे. "तुम्ही कुठं पाह्यलं." पण त्यानंतर ते खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून उगाच पुसत बसायचे, एवढं माझ्या लक्षात यायचं.

डेन्झिल मुंबईत वारला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, काका सत्तरीच्या पुढे गेलेले असताना, एके दिवशी आमच्या गल्लीत एक गाडी येऊन थांबली. त्यातून मेहरा नावाचे मुंबईचे गृहस्थ उतरले. कोणा श्रीमंत माणसासाठी ते जुन्या वाद्यांचं संग्रहालय उभं करत होते. डेन्झिलची ती प्रसिद्ध गिटार त्यांना हवी होती, पण अडचण अशी होती की ती दोन ठिकाणी निघाली. एक कोलकात्याच्या एका कुटुंबाकडे, दुसरी इथेच सदरमध्ये, डेन्झिलच्या बहिणीकडे. दोन्ही दिसायला सारख्या, दोन्ही त्याच काळातल्या, आणि दोन्ही घरांचं म्हणणं की डेन्झिलने स्वतः हातात दिली. बहिणीला, म्हणजे डोरोथी आंटींना, एवढंच आठवत होतं की पूर्वी ती सदरच्या दुकानात एका मराठी मुलाने दुरुस्त केली होती. त्या मुलाला शोधत मेहरा फॅक्टरीतल्या जुन्या लोकांपर्यंत पोचले होते. चेष्टा करणाऱ्यांपैकीच कोणीतरी त्यांना काकांचा पत्ता दिला होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला सुट्टी घ्यायला लावली. "इंग्लिश बोलतीन ते लोक. तू राह्य सोबत." मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी त्यांनी भिंग घेतलं. शर्ट दोनदा बदलला. काकू दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "नवरदेव निघाला." पण त्यांनीच मागून हाक मारून त्यांच्या कॉलरवरचा धागा काढला.

डोरोथी आंटींचं घर सदरच्या बाजारामागे, दोन खोल्यांचं. आंटी शाळेतून रिटायर झालेल्या, ऐंशीच्या आसपास, एकट्या. टेबलावर लेसचा स्वच्छ टेबलक्लॉथ, त्यावर काळी पेटी, पेटीत लाल गिटार. आंटींनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लास्ट टाइम आया तब बोला, ये तुम रखो. मेरा भाई मेरे को देके गया."

काका बसले. आधी कान. मेहरांनी सोबत आणलेल्या छोट्या स्पीकरला गिटार जोडून एक तार छेडली आणि पाच मिनिटं ऐकत राहिले. मेहरांनी घड्याळ पाहिलं. मग काकांनी तारा सैल केल्या, स्क्रू काढून एका बशीत ओळीने ठेवले, आणि तारा जिथे टेकतात त्या घोडीजवळचं पिकअप उचलून त्याचं झाकण काढलं. भिंग लावलं.

मी त्यांच्या शेजारी होते. मला आत काळी, गुळगुळीत, व्यवस्थित गुंडाळलेली पट्टी दिसली. लाल दोरा नव्हता. लाख नव्हती. काकांनी दुसरंही पिकअप उघडलं. तिथेही नव्हती. मग ते पहिल्याकडे परत आले आणि पट्टीची कड नखाने उचलून आत पाहिलं. इतका वेळ पाहिलं की आंटींनी कपात ओतलेल्या चहावर साय धरली.

"ये मेरा वाइंडिंग नहीं है," काका म्हणाले.

मग मेहरा म्हणाले, "पचास साल हो गए. आप भूल भी सकते हैं."

"मैं भूल सकता हूँ. लेकिन लाख लगाया था, वो तो रहता."

"तो ये डेन्झिल की नहीं है?"

"वो मैंने नहीं बोला. बाद में पिकअप बदला होगा. नहीं भी बदला होगा. मुझे नहीं मालूम."

मेहरा वाईट माणूस नव्हते. दोन वर्षं त्या गिटारीमागे फिरून थकले होते आणि त्यांना एक कागद हवा होता. ते समजुतीने म्हणाले की असं लिहा, मी डेन्झिल यांची अशीच एक लाल गिटार दुरुस्त केली होती. यात खोटं काय आहे? एवढं पुरेसं होईल. गिटार काचेत लागेल, आंटींना मान मिळेल, खाली तुमचं नाव येईल. दुरुस्ती करणारे श्री. गणवीर, जबलपूर.

खाली नाव येईल, हे ऐकताना काकांची बोटं बशीतल्या स्क्रूंवर थांबली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

"वैशाली, लिहून घे," ते मला मराठीत म्हणाले, आणि त्यांनी जे सांगितलं ते मी इंग्रजीत लिहिलं. मी तरुणपणी सदरमध्ये डेन्झिल यांच्या गिटारीचं एक पिकअप वाइंड केलं. आज ही गिटार मी उघडली. ते पिकअप हिच्यात नाही. ही गिटार त्यांची आहे की नाही, ते मला माहीत नाही. खाली त्यांनी मराठीत सही केली.

मेहरांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि आंटींना नमस्कार करून निघून गेले. आंटी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. "माय ब्रदर डिड नॉट लाय, मिस्टर गणवीर."

"मैंने उनको झूठा नहीं बोला, मैडम."

"प्लीज, आप भी जाइए."

आम्ही ऑटोत बसलो, भिंग काकांच्या मांडीवर. आधारताल मागे पडल्यावर मीच म्हटलं, "काका, हो म्हटलं असतं तर आंटींचं पण झालं असतं आणि तुमचं पण."

"मी काय कमी वाट पाह्यली का त्या दिवसाची?" ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. "रोज वाटे, कोणी तरी ते झाकण उघडंल आन् आत माही लाख दिसंल. आज मीच उघडलं. आता तर मलेच वाटून राह्यलं, मी केलं होतं का नाई."

हे ते अगदी साध्या आवाजात बोलले.

पुढचे काही आठवडे त्यांच्या खोलीतून कामाचा आवाज आला नाही. कॉलनीत गोष्ट पसरली होतीच. पाहा, स्वतःच नाही म्हणून आले. काकूंनी चेष्टा करणं सोडून दिलं. एके दुपारी भिंतीपलीकडून मला म्हणाल्या, "काहून गं, आता मी ती गोष्ट सांग म्हणते तर सांगत नाई." मेहरांकडून कळलं की त्यांनी कोलकात्याची गिटार घेतली. मी काकांच्या वतीने त्यांना लिहिलं की तिचं पिकअप उघडून एकदा बघाल का. उत्तर आलं नाही. काका म्हणाले, "राहू दे. असंल तिच्यात. नसंल बी."

मग एका रविवारी माझ्या फोनवर डोरोथी आंटी. आवाज कडक होता. त्या म्हणाल्या की त्या दिवसापासून गिटारीच्या तारा ढिल्या आहेत आणि एक स्क्रू टेबलाखाली सापडला. ज्याने उघडली त्याने ती नीट बंद करून द्यायला नको का?

काका ताबडतोब उठले. शर्ट कोणता घातलाय तेही त्यांनी पाहिलं नाही.

तिथे ते खाली मान घालून काम करत राहिले. आंटी समोर बसल्या. स्क्रू लागला, तारा चढल्या. मग आंटी एकदम म्हणाल्या, "उस दिन वो कैसा दिखता था? दुकान में. आपने देखा था ना?"

काकांनी मान वर केली. मला वाटतं इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना गिटारीचं पाहिजे असायचं.

"देखा था," ते म्हणाले, आणि सावकाश सांगू लागले. डेन्झिल सकाळपासून दुकानातच बसून होता. गिटार सोडून जायची त्याला भीती वाटत होती. एक पाय सारखा हलवायचा. निळा स्वेटर, कोपरावर रफू केलेला. "इतना बड़ा आदमी, और रफू. मैं देखता रह गया." कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याकडून त्याने भुईमुगाच्या शेंगा आणल्या आणि सोलून सोलून काकांच्या समोर ठेवत गेला, कारण काकांचे हात गुंतलेले. "आधी मुझे खिलाई. बाकी आधी रूमाल में बांध के जेब में रखी. मैंने बोला, आप खाओ ना साहब. बोले, नहीं, ये डॉली के लिए है."

आंटींचा हात टेबलावर होता. तो तिथेच राहिला.

"क्या बोला उसने?"

"डॉली के लिए. मुझे लगा, उनकी बच्ची होगी."

आंटी उठून खिडकीशी गेल्या. आमच्याकडे पाठ करूनच त्या म्हणाल्या की डॉली हे नाव घरातसुद्धा फक्त डेन्झिल घ्यायचा, आणि तेही आईच्या माघारी, कारण आईला ते आवडायचं नाही. शाळेत, चर्चमध्ये, शेजारी कोणालाच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी प्रोग्रामला जाण्याआधी तो घरी आला होता आणि त्याने त्यांच्या हातात शेंगदाण्यांचा रुमाल ठेवला होता. रुमालाला काहीतरी जळाल्याचा वास होता, म्हणून त्या त्याला रागावल्या होत्या.

"लाख का," काका अगदी हळू म्हणाले.

आंटी वळल्या. त्या माणसाकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. "सो इट वॉज यू," म्हणाल्या. "तुम थे वो लड़का."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मला म्हणाले, "ऐकलं का तू? त्या म्हणून राहिल्या, मीच होतो." मी म्हटलं, ऐकलं काका. पाहिलं पण.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी परातीत भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, त्या काकांजवळ बसल्या आणि सोलायला लागल्या.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी काका सदरला जायचे. आंटींना वाजवायला शिकायचं होतं, ऐंशीव्या वर्षी, आणि काकांना वाजवता येत नव्हतं. तरी ते दोघं मिळून काहीतरी करत. काका ऐकून सांगायचे, कोणती तार उतरली. गिटार कोणाची, हा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

माझी बदली भोपाळला झाली. मी निघाले ती सकाळ थंडीची होती. दोन महिन्यांनी काका गेले, झोपेतच, आणि मला पोचता आलं नाही. त्यामुळे माझ्याकडे आहे ती त्या सकाळचीच आठवण. ऑटोत सामान ठेवून मी निरोप घ्यायला वळले तर काका फाटकाशी उन्हात उभे होते. अंगात स्वेटर, कानाला फोन, आणि पलीकडे आंटी. वाकून नमस्कार केला तर त्यांनी फोन न काढता माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळे भरलेले होते, पण बोलणं थांबवता येत नव्हतं, कारण आंटी तिकडे स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसल्या होत्या. ऑटो सुरू झाला. काका एका हाताने मला खुणावत होते, जा बेटा, जा, आणि फोनमध्ये सांगत होते, "नहीं नहीं मैडम, वो वाला नहीं. लेफ्ट. लेफ्ट वाला स्क्रू. जिस हाथ में आप घड़ी बांधते हो ना, उस तरफ."